गोधडीखालचा सौदा

नगर जिल्ह्यात उन्हाचं जाऊ नये असं ज्यांनी ज्यांनी मला बजावलं, त्यांच्यातलं एकही माणूस नगर जिल्ह्यात गेलेलं नव्हतं. मी जाऊन आलो. नाक सोलून निघालं, परक्याचा बैल विकून बसलो, तरी सांगतो, जरूर जावं. फक्त तिथे गेल्यावर आपला हात आपण कुठे घालतोय याकडे लक्ष असू द्यावं.

आधी थोडं माझ्याविषयी. दिवसा मी पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवतो. अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून 'घ' कुठला आणि 'ध' कुठला हे मी सांगू शकतो, आणि याचा मला फार गर्व होता. होता म्हणतोय, कारण घोडेगावला तो उतरला. संध्याकाळी मी एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवतो. ही गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवतात, त्यामुळे आमच्या आईला अजूनही वाटतं की मी सुपात काहीतरी निवडायला घेतलंय.

विजेच्या गिटारीला स्वतःचा आवाज नसतो. तो निघतो अँप्लिफायरमधून. माझा अँप्लिफायर म्हणजे एक लाकडी पेटी, पुढे जाळी, आत स्पीकर आणि मागच्या बाजूला लहान वांग्याएवढे पाच काचेचे व्हॉल्व्ह. आमच्या घरात त्याला 'डबा' म्हणतात. टेम्पो खड्ड्यात आपटला की एखादा व्हॉल्व्ह खोबणीत ढिला होतो आणि डबा मुका होतो. डबाच आपटला तर कायमचा मुका. तो खाली ठेवावा तर धूळ जाते, शिवाय ढोलकीवाल्याचा पाय लागतो. तेव्हा त्याला खाली स्टँड हवा आणि वर पांघरूण हवं. साहेबाच्या देशात या वस्तू दुकानात मिळत असतील. आमच्या पेठेत मिळत नाहीत. मग घरात काय आहे ते बघायचं.

घरात घडवंची होती. पाण्याचे हंडे-कळशा ठेवायची चार पायांची, कमरेएवढी उंच, सागवानी घडवंची. माझ्या बायकोच्या, कमलच्या, माहेरून सासवडहून आलेली. ती देवळात गेली होती तेवढ्यात मी कळशा खाली उतरवून डबा वर ठेवून पाहिला. मापून केल्यासारखा बसला! कमल परत आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो, हे काय? पाणी जमिनीवर आणि हे खोकं सिंहासनावर?"

"पाचच दिवसांचा प्रश्न आहे. नगरकडे जत्रांचे कार्यक्रम लागलेत."

"म्हणजे पाच दिवस मी वाकून पाणी घ्यायचं."

एवढ्यात आईने आतून विचारलं, "काय गं, काय झालं?" आणि संभाषण संपलं. आमच्या घरात दोन खोल्या आणि एक आई आहे. आईसमोर नवराबायकोने बोलायचं ते रॉकेल आणि भाजी एवढ्यापुरतं. बाकीचं सगळं पोटात ठेवायचं.

पण दोन दिवसांनी पाहतो तर कमल डब्याचं माप घेत होती. तिने गोधडी शिवली. डब्याच्या आकाराची, टोपीसारखी वरून घालायची, चारी बाजूंनी खाली घडवंचीच्या पायांपर्यंत लोंबणारी. आत माझा जुना कोट, आईचं धडोतं आणि वर तिचं स्वतःचं हिरवं लुगडं, पहिल्या दिवाळसणाचं. दोन्ही बाजूंना तिने एकेक चीर ठेवली होती, कडा शिवून. "धुळीत सगळं उघडायला नको," ती म्हणाली, "इथून हात घाला आणि तुमचे ते दिवे चाचपा." हे मला सुचलं नव्हतं.

निघताना आई अंघोळीला गेली होती तेवढ्यात कमलने अटी घातल्या. "डबा धड, घडवंची धड आणि गोधडी धड. तिन्ही परत आली तर पुढच्या दौऱ्याचं बोलू. नाहीतर गिटार माळ्यावर, पापडाच्या डब्यांमागं. मग पुन्हा काढायची नाही."

"कबूल."

"आणि आल्यावर सगळं सांगायचं. काय खाल्लं, कोण भेटलं. मी बघितलंय काय, तर सासवड आणि हा बोळ."

कमल शब्दाची पक्की आहे. गेल्या वर्षी तिने माझी तपकीर माळ्यावर टाकली, ती अजून तिथेच आहे. तेव्हा टेम्पोत चढताना मी तिन्ही वस्तू पुन्हा एकदा मोजल्या.

नगर

टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी अण्णा. अण्णा म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक, गायक, निवेदक आणि गादीवर बसणारे एकमेव गृहस्थ. मागे आम्ही बाकीचे, वाद्यं आणि घडवंची. शिरूर गेलं, नदी ओलांडली, आणि झाडं एकेक करून आमची रजा घेऊ लागली.

नगरला आमचा अकॉर्डियनवाला सॅम्युअल चढायचा होता. त्याच्या घरी आधी जेवण. त्याची आई मिशनच्या शाळेत मास्तरीण होती. पांढरंशुभ्र पातळ, नाकावर चष्मा, आणि आवाज असा की ओळीने सगळे हात धुवायला उठले. पुण्यात आम्ही चहा घेणार का असं विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. इथे विचारणं नाहीच. ताटात बाजरीची भाकरी पडली, वाटीत मटणाचा रस्सा, आणि वाटी अर्धी झाली की पुन्हा भरलेली.

जेवणाआधी मावशींनी डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नासाठी आभार मानले, प्रवासासाठी आशीर्वाद मागितला, मग एक डोळा किलकिला करून दारातल्या डब्याकडे पाहिलं. "आणि हे प्रभू, त्या पेटीतल्या पाचही दिव्यांना तुझ्या पंखांखाली ठेव." आम्ही सगळे आमेन म्हणालो. सगळ्यात मोठ्याने मी.

जेवण झाल्यावर त्यांनी गोधडीचा काठ बोटांत धरून पाहिला. "मधुकरराव, ही ज्या बाईने शिवली तिला माझा सलाम सांगा. एवढा बारीक धावदोरा माझ्यानं होत नाही. तिला का नाही आणलंत?"

मी म्हणालो, "टेम्पोत जागा नव्हती."

"घडवंचीला होती की," मावशी म्हणाल्या.

सॅम्युअलची आणि माझी एक पद्धत आहे, ती इथेच सांगून ठेवतो, पुढे लागेल. प्रत्येक मुक्कामी वायर काढलेली असताना आम्ही व्हॉल्व्ह तपासतो. मी डाव्या चिरेतून हात घालायचा, त्याने उजव्या. तेव्हा अण्णा माइकवर 'हॅलो हॅलो' करत असतात आणि ढोलकीवाला वादी ओढत असतो, त्यामुळे बोललेलं काही ऐकू येत नाही. म्हणून बोटांची भाषा. ज्या नंबरचा व्हॉल्व्ह ढिला, तितकी बोटं सॅम्युअलने माझ्या हातावर दाबायची, मी तो घट्ट बसवायचा. सगळे घट्ट झाले की मी अख्खा पंजा दाबायचा. काम झालं.

मिरजगाव

मिरजगावला सोलापूर रस्त्याच्या कडेला जत्रा भरली होती. रेवड्या, गोडीशेव, पाळणा, आणि निवडणुकांत बोलून बोलून घसा बसलेले दोन कर्णे. आम्हाला एका शेतकऱ्याच्या ओसरीवर उतरवलं. दुपारी हुलग्याचे शेंगोळे खाल्ले. हे मला ठाऊक नव्हतं: हुलग्याच्या पिठाची कडबोळी, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली. अण्णा म्हणाले, तिखटाने गळा बसतो, मी एकच वाटी घेणार. तीन घेतल्या, आणि गळा बसला.

अडचण विजेची आली. मी पहिलीच तार छेडली तर डब्यातून आजारी माणूस कण्हावा तसा आवाज निघाला. व्हॉल्व्ह ठणठणीत, पण आत उजेड म्हणजे उदबत्तीच्या टोकाएवढा. गावातला वायरमन म्हणाला, "समद्यांच्या हिरीवरच्या मोटारी चालू हायेत. करंट तिकडं पळतोय."

मग अण्णांनी माइकवरून, बसलेल्या गळ्याने, मायबाप शेतकऱ्यांना विनंती केली की संगीताच्या सेवेसाठी थोडा वेळ मोटारी बंद ठेवाव्यात. गर्दीतून एक पागोटं उठलं. "मास्तर, तुमच्या पेटीपायी माझा घास वाळंल, त्याचं काय? म्हशीला काय तुमचं गानं घालू?"

पण गेला बिचारा. त्याच्यामागे आणखी चारजण गेले. एकेक मोटार बंद होत गेली आणि एकेक पायरी माझा आवाज चढत गेला. शेवटची मोटार बंद झाली तेव्हा मी अगदी हळुवार जागेवर होतो, आणि डबा असा गरजला की पाळण्यातली पोरं रडायला लागली. टाळ्या मात्र कडकडून पडल्या. पहिलं गाव पार पडलं. तिन्ही वस्तू धड.

नागापूर

नगरच्या वेशीबाहेर नागापूरला कारखाने उभे राहताहेत. तिथल्या कामगारांसाठी कार्यक्रम होता. तिथे एका वेल्डिंगवाल्या मिस्त्रीने माझी घडवंची पाहिली आणि त्याला हसू आवरेना. "अहो, आता काय लाकडाचा जमाना राहिलाय काय? थांबा, तासाभरात लोखंडी स्टँड करून देतो. तुमचे नातू वापरतील." माणूस प्रेमळ. त्याने अँगल कापले, ठिणग्या उडवल्या, निळा रंगही मारला. स्टँड झकास दिसत होता. चौघांनी उचलून स्टेजवर नेला. मला थोडी हुरहूर वाटली, पण म्हटलं, घडवंचीला एक दिवस विश्रांती.

तिसऱ्या गाण्याला अण्णा भावनेच्या भरात एका हाताने माइक आणि दुसऱ्या हाताने तो लोखंडी स्टँड धरून उभे राहिले. डब्यातून कुठेतरी वीज उतरली असावी. अण्णांनी अशी काही उडी घेतली आणि असा काही सूर लावला की तो सूर त्यांना आयुष्यात पुन्हा लागणार नाही. हातातला माइक सुटून पडला म्हणून वाचले. कामगारांना वाटलं हा गाण्याचाच भाग आहे. "वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळं मैदान ओरडत होतं, आणि अण्णा माझ्याकडे बघून जे बोलले ते सुदैवाने माइकवर नव्हतं.

लोखंडी स्टँडवर आता सॅम्युअलच्या आईच्या जास्वंदीच्या कुंड्या आहेत. घडवंचीची मी मनोमन माफी मागितली. लाकूड ते लाकूड.

घोडेगाव

घोडेगाव औरंगाबाद रस्त्यावर आहे, आणि तिथला जनावरांचा बाजार ज्याने पाहिला नाही त्याला मी काय सांगू! नजर पोचेल तिथवर शिंगं. खिल्लारी बैल, म्हशी, शेळ्या, शिंगांना रंग, गळ्यात घागऱ्या, आणि सगळ्यांवर धुळीचं एक पांघरूण. पुण्यात मंडईत आपण वांग्याचा भाव सगळ्या मंडईला ऐकू जाईल असा करतो. इथे हजारो जनावरं विकली जातात आणि भाव कुणालाच ऐकू येत नाही. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातांवर उपरणं टाकतात, आणि त्या कापडाखाली बोटं दाबून भाव ठरतो. तोंडं मात्र दोन दिशांना, जणू आभाळात ढग आहेत का ते बघताहेत. शेवटी अख्खा पंजा दाबला की सौदा पक्का. हे मला सगळं होऊन गेल्यावर समजलं. आधी समजलं असतं तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती.

स्टेज बाजाराच्या कडेला बांधायचं चाललं होतं. तोवर मी घडवंची खालीच उभी केली, तिच्यावर डबा, डब्यावर कमलची गोधडी. शेजारी स्टेजच्या बांबूला कुणीतरी एक पांढरा खिल्लारी बैल बांधून गेलं होतं. बैलाने गोधडीचा वास घेतला, मी त्याला हुसकलं, आणि व्हॉल्व्ह तपासायला डाव्या चिरेतून हात घातला. तोंड अण्णांकडे, कारण ते स्टेजवरून 'हॅलो, माइक टेस्टिंग' करत माझ्यावर खेकसतही होते. सॅम्युअल उजवीकडे येईलच, अशी माझी समजूत. तो त्या वेळी रसवंतीवर उसाचा दुसरा ग्लास पीत होता.

उजव्या चिरेतून हात आला. जरा खरखरीत वाटला. मी म्हटलं, अकॉर्डियन उचलून उचलून झाला असेल. हातावर तीन बोटं दाबली गेली. तिसरा व्हॉल्व्ह ढिला. मी तिसरा घट्ट दाबला आणि खात्री करायला उलट चार बोटं दाबली, म्हणजे चौथ्याचं काय? तो हात क्षणभर थांबला. विचारात पडल्यासारखा. मग पुन्हा तीन. मी चिडलो. तिसरा तर मी आत्ता बसवला! मी पुन्हा चार दाबली, चांगली करकचून. मोठा सुस्कारा ऐकू आला आणि हळूहळू, नाइलाजाने दाबावीत तशी चार बोटं माझ्या हातावर दाबली गेली. चौथाही दाबला. आता सगळे घट्ट. मी अख्खा पंजा धरला आणि जोरात दाबला.

"झाला! सौदा झाला!" कुणीतरी माझ्या कानाशी ओरडलं, आणि माझ्या मुठीत एक नोट कोंबली गेली.

सॅम्युअल मला कधी नोटा देत नाही. मी वळून पाहिलं. लाल फेटा, पिळदार मिशा, खांद्यावर उपरणं. ते होते गेनू हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, आणि त्या बाजारात त्यांच्या बोटाला मान होता.

"इसार घ्या मालक," ते खुशीत म्हणाले. "लई कडक गडी हाय तुमी! तोंडावरची रेघ हलू दिली न्हाई. म्या म्हनलं, ह्यो पँटवाला काय सौदा करतोय, तर तुमी मलाच पिळलं की."

"कसला सौदा?"

"बैलाचा!" असं म्हणून त्यांनी बांबूचा कासरा सोडलाही.

तेवढ्यात गर्दीतून एक शेतकरी हातातलं मीठ-मिरचीचं बोचकं सावरत धावत आला. "आरं आरं! माझा बैल कुनी सोडला? म्या इकायला आनला न्हाई त्याला, म्या गानं ऐकाया आलोय!" त्याचं नाव किसनराव. त्याने कासऱ्याचं एक टोक धरलं, गेनूशेठनी दुसरं, आणि मधल्या मध्ये बैल बिथरला. कासरा घडवंचीच्या पायाला अडकला. बैलाने हिसडा दिला. कडकन आवाज झाला आणि घडवंची, डबा, गोधडी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत आडवं झालं.

मला त्या क्षणी घोडेगाव दिसेना. मला आमचा माळा दिसला, पापडाचे डबे दिसले आणि त्यांच्यामागे गिटार. मी मटकन खाली बसलो आणि अक्षरशः "कमल!" म्हणून ओरडलो. लोकांना वाटलं बैलाचं नाव.

गर्दी जमली. दोघेही माझ्यावरच उलटले. किसनराव म्हणे, माझा बैल इकनारा तू कोन? गेनूशेठ म्हणे, पंजा दिला का न्हाई, बोला! मी म्हणालो, "अहो, मी व्हॉल्व्ह बघत होतो!" यावर कुणाचंही समाधान झालं नाही. शेवटी बाजारातले जुने जाणते तात्या आले, त्यांना खाट टाकून दिली आणि न्याय सुरू झाला.

गेनूशेठचा आवाज आता खाली आला होता. "तात्या, बैलाचं जाऊ द्या. पन समद्यांनी बघितलंय. म्या पंजा दिला आन मोकळा हात घिऊन घरी गेलो, तर उद्या माझ्या बोटावर कोन इस्वास ठेवंल? लोक हसतील." ते खरंच कळवळून बोलत होते, आणि मला त्यांची दया आली. माझी गिटार जाणार होती, त्यांचा हात जाणार होता.

तात्यांनी पानाला चुना लावला. "बैल ह्याचा न्हाई, तवा बैल जानार न्हाई. पन हात कापडाखाली दिला हाय. घोडेगावात कापडाखाली दिलेला हात वाया जात न्हाई. मास्तर, एक तर कापडाखालचं द्या, न्हाई तर कापड द्या."

कापडाखालचं म्हणजे डबा! मी धावत जाऊन डबा उचलला. जाळी खाली, गोधडीत तोंड खुपसून पडला होता. चिरेतून हात घातला. एक, दोन, तीन, चार, पाच. काच कुठे फुटली नव्हती. माझा जुना कोट, आईचं धडोतं, कमलचं लुगडं, सगळ्यांनी मिळून त्याला झेललं होतं. आणि आता तीच गोधडी सोडून द्यायची. मला फार वाईट वाटलं. ते हिरवं लुगडं नेसून ती पहिल्या दिवाळसणाला सासवडच्या दारात उभी होती. पण दुसरा रस्ता नव्हता. मी गोधडी काढली आणि गेनूशेठच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "कुनी शिवली ही?"

"बायकोनं."

त्यांनी गोधडी खांद्यावर टाकली. मग पलीकडे बांधलेल्या त्यांच्या स्वतःच्या बैलाकडे गेले, त्याच्या पाठीवरची झूल उतरवली आणि माझ्या डब्यावर आणून टाकली. लाल, आरशांची, कडेने घुंगरं लावलेली. "फुकट घेनार न्हाई म्या. माऊलीला सांगा, तिची गोधडी माझ्या सर्ज्याच्या पाठीवर ऱ्हाईल. जमिनीवर पडू देनार न्हाई." किसनरावांनी आपणहून घडवंचीचा चिरलेला पाय कासऱ्याने आवळून बांधला. बैल माझा, तवा मोडतोड बी माझीच, म्हणाले. इसाराची नोट तात्यांनी देवाच्या पेटीत टाकली.

दिवेलागणीला वायर जोडली. बटण दाबलं. काही नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, पण इतका? अण्णांनी मान फिरवली. सॅम्युअल पुटपुटत होता, बहुधा आईचीच प्रार्थना. आणि मग आतून ती ओळखीची घूं आली. मी आयुष्यात इतका गोड सूर ऐकलेला नाही.

पण खर्जाची तार छेडली की डबा हादरायचा आणि झुलीची घुंगरं आपोआप वाजायची. छुम! संथ, दुःखी गाण्यात मध्येच छुम! मी झूल काढायला गेलो तर पब्लिक उसळलं. "राहू द्या! घुंगराचं वाजवा!" मग काय, मी मुद्दाम खर्जात शिरलो. पुढच्या रांगेत गेनूशेठ बसले होते, बाजूला त्यांचा सर्ज्या, पाठीवर हिरवी गोधडी घालून. एका चिरेतून त्याचं वशिंड बाहेर आलेलं. गोधडी त्याला शोभत होती हे मला मान्य करावं लागलं. टाळ्या अण्णांपेक्षा घुंगरांना जास्त पडल्या, त्यामुळे अण्णा परतीच्या वाटेत माझ्याशी बोलले नाहीत.

घरी

दार उघडलं तर पाण्याच्या कळशा जमिनीवरच. कमलने आधी डब्याकडे पाहिलं, मग घडवंचीच्या बांधलेल्या पायाकडे, मग त्या लाल झुलीकडे. आई शेजारीच वाती वळत बसली होती, म्हणून ती एवढंच म्हणाली, "गोधडी?"

मी सगळं सांगितलं. आईला ऐकू जाईल असं, काही न गाळता. मोटारी, शेंगोळे, अण्णांची उडी, तीन बोटं, चार बोटं, पंजा. आई हसून हसून डोळे पुसत होती. कमल हसली नाही. तात्यांचा न्याय सांगितला तेव्हा तिने खाली पाहिलं. मी मनात म्हटलं, संपलं. तिन्हींपैकी एक गेली, एक मोडली. गिटार माळ्यावर.

"म्हणजे माझं दिवाळसणाचं लुगडं बैल नेसतोय," ती शेवटी म्हणाली.

"सर्ज्या. पण जमिनीवर पडू देणार नाहीत म्हणाले."

"कसा दिसतो?"

"चांगला दिसतो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

ती उठली. मला वाटलं माळ्याची शिडी आणते. तर डब्यापाशी आली आणि झुलीखाली हात घातला. "दिवे बघते," ती आईला ऐकू जाईल असं म्हणाली, "या बाजूनं तुम्हीही बघा."

मीही हात घातला. तिची बोटं माझ्या बोटांवर आली. तोंड तिने खिडकीकडे फिरवलं होतं, अगदी बाजारातल्या पट्टीच्या व्यापाऱ्यासारखं. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण भर दिवसा आईसमोर मी तिचा हात कधी धरला नव्हता.

"सासूबाई," ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "गोधडी बघून यायला हवी एकदा. पुढच्या चैत्रात यांच्याबरोबर मी गेले तर चालेल ना? त्या ख्रिस्ती मावशींनीही विचारलंय."

आई वात वळता वळता म्हणाली, "टेम्पोत जागा असेल तर जा बाई. मला काय विचारतेस, त्याला विचार."

ती वाट बघत उभी राहिली. मी झुलीखाली तिचा अख्खा पंजा धरला आणि जोरात दाबला. तिनेही दाबला. घुंगरं खळखळली.

आईने मान वर केली. "अरे, डबा तर बंद आहे. मग घुंगरं कशी वाजतायत?"

"व्हॉल्व्ह ढिला आहे," कमल म्हणाली, आणि हात काही काढला नाही.